कासवाची दहा उत्तरं

पाच वाजता वर्ग रिकामा झाला, की बाई लॅपटॉप उघडून कासवावर क्लिक करायच्या.

तिसरीच्या प्रत्येक मुलाचं ऑनलाइन खातं एकेका चित्राने उघडायचं. कुणाचं विमान, कुणाचा हत्ती. कासव गप्पूचं. वर्गात तोंड उघडत नाही, म्हणून पोरांनीच तिला गप्पू करून टाकलं होतं.

धड्यांचे व्हिडिओ बाई स्वतः बनवायच्या. बाहुल्या नाचवायच्या, घसा बसेपर्यंत आवाज काढायच्या. प्रत्येक व्हिडिओखाली दहा प्रश्न. उत्तर चुकलं तर लाल, मग हवं तितक्या वेळा बदला. रडारड नको म्हणून बाईंनीच ती सोय ठेवली होती.

पण मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "महिनाभर प्रत्येक मूल रोज प्रश्न सोडवताना दिसलं पाहिजे. एक जरी गळालं, तरी हे बाहुल्यांचे खेळ बंद. फळा आहे, खडू आहे."

पहिल्या दिवशी यादीतली सगळी नावं हिरवी झाली, एक सोडून. दुसऱ्या दिवशीही तेच. गप्पूच्या घरी विचारायला हवं होतं. बाईंनी नाही विचारलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी कासव उघडलं आणि दहाही प्रश्न स्वतःच सोडवले.

"एवढं एकदाच," त्या पुटपुटल्या. एकदाचं रोजचं कधी झालं, त्यांनाही कळलं नाही. संशय नको म्हणून दोन उत्तरं मुद्दाम चुकवायच्या. नाव हिरवं झालं की लॅपटॉप बंद. पुन्हा ते खातं बघायची हिंमतच व्हायची नाही.

वर्गात गप्पू टक लावून त्यांच्याकडे बघायची. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या उगाच फळा पुसत बसायच्या.

महिना संपला आणि मोठ्या बाई कागद नाचवतच वर्गात आल्या.

"अहो, तुमची गप्पू! पहिले दोन दिवस सोडले, तर रोज दहापैकी दहा! शनिवारी पालकांसमोर बक्षीस तिलाच."

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "दहा? आठ असतील हो."

"मग काय, कागद खोटं बोलतो?"

प्रोग्रॅममध्येच काहीतरी बिघाड असणार. पण कागदाचं जाऊ दे, खोटं तर त्या स्वतः बोलत होत्या. जिने एकही प्रश्न सोडवला नाही, तिच्यासाठी टाळ्या वाजवायच्या? त्या रात्रभर तळमळल्या.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांनी गप्पूच्या आईला बोलावलं. आई लाँड्रीतल्या कामावरून तशीच धावत आली. गप्पू तिच्यामागे लपून उभी राहिली.

"काही चुकलं का हो पोरीचं? पहिले दोन दिवस माझा फोन बंद होता, तेवढंच. आता सातला घरी आले, की आधी फोन तिच्या हातात. तासभर तुमच्या बाहुल्या बघते, जेवायचंही भान नसतं."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. पोरगी बघत होती. रोज बघत होती.

"तिचं नाही, माझं चुकलं," त्या कशाबशा म्हणाल्या. "तिचे प्रश्न मी सोडवत होते. रोज पाच वाजता. तिच्यासाठी काही शिल्लकच ठेवत नव्हते. उद्या मोठ्या बाईंना सगळं सांगणार आहे."

आईच्या मागून गप्पू एक पाऊल पुढे आली.

"बाई, तुमची रोज दोनच चुकायची," ती हळूच म्हणाली. "ती मी नीट करून ठेवायचे. कुणाला सांगितलं नाही."