कोरसची चौथी हाक

ट्रेमध्ये नशेचं खोटं सामान होतं: मिठाच्या पाण्याच्या तीन सिरिंज, एक काळवंडलेला चमचा आणि एक पट्टा. शेजारी खुर्चीत एलियेसर बसला होता. चित्रपटात तो चेगो रिवास होता: पोन्से शहराच्या गल्लीतून उठून भरल्या मैदानांपर्यंत पोचलेला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी नशेची सुई टोचून स्वतःच्याच हातानं संपलेला साल्सा गायक.

ध्वनिमुद्रण करणारी नेरेइदा त्याच्या छातीवर माइक चिकटवत होती. या भूमिकेसाठी त्यानं चौदा किलो वजन उतरवलं होतं.

"काय ऐकू येतं गं आतून?" त्यानं विचारलं. "प्रेम?"

"उपाशी मांजर. राजमा-भात खा जरा, मेल्या."

तो हसला. बाहेर दुपार रणरणत होती, तरी त्यानं बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या.

दृश्य सोपं होतं. चेगो रंगपटात सुई टोचून घेतो, मान टाकतो. बाहेर मंचावर वाद्यं सुरू होतात. कोरसनं तिसऱ्यांदा हाक दिली की तो उठतो आणि गायला जातो.

टोचून झालं. मान पडली. आधीच मुद्रित केलेला कोरस हाका देऊ लागला. एक. दोन. तीन.

एलियेसर उठला नाही.

"बाई, कट म्हणा," नेरेइदा कुजबुजली.

"गप गं!" दिग्दर्शिका मिग्दालियाची नजर मॉनिटरच्या पडद्यावरून हलली नाही. "चेगो असाच उशीर करायचा. लोक शिव्या घालायचे, पण जागचे हलायचे नाहीत. काय पोरगं आहे बघ! पापणीसुद्धा लवत नाही."

चौथी हाक गेली.

नेरेइदानं ट्रेकडे पाहिलं. मिठाच्या पाण्याच्या तिन्ही सिरिंज तिथंच होत्या, टोपणांसकट.

"बाई, त्यानं घरून आणलेली खरी सुई..."

"एक मिनिट. एकच."

सेटवर कट म्हणायचा हक्क मिग्दालियाचा. बावीस माणसं तिच्याकडे बघत होती.

"कट!" नेरेइदा ओरडली. "अरे, उचला त्याला! नाटक नाहीये ते!"

दोघांनी त्याला जमिनीवर निजवलं. कॅमेरामननं रुग्णवाहिकेला फोन लावला.

"श्वास किती चालतोय, विचारतायत."

नेरेइदानं कोरस बंद केला, त्याच्या छातीवरचा माइक तेवढा चालू ठेवला. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि घड्याळावर नजर ठेवली.

"तीस सेकंदांत दोन," ती म्हणाली.