बटाटा पाडून दाखव

“छान खातेस. पण पुन्हा एकदा कर,” टीव्हीचे दिग्दर्शक शिबुकावा म्हणाले. “या वेळी काड्या मुठीत धर. बटाटा पाडून दाखव.”

लोरेनने वर्गशिक्षिका कुदोबाईंकडे पाहिलं. लोरेन अमेरिकी हवाई तळावरच्या मेकॅनिकची मुलगी. जपानमधल्या मिसावात आली तेव्हा चार वर्षांची होती, आता बारा. जेवायच्या जपानी काड्यांनी भाताचं एकेक शीत उचलायची.

फळ्यावर आधीच्या तासाची कात्रणं अजून चिकटलेली होती. अमेरिकी मालिकांतले जपानी: जाड चष्मा, गळ्यात कॅमेरा, सारखे वाकणारे. जपानी जाहिरातींतले अमेरिकी: लांब नाक, मोठा आवाज, नुसती धांदल. “यातलं कोण तुम्हाला खरोखर भेटलंय?” बाईंनी विचारलं होतं. एकही हात वर झाला नव्हता. हाच तास टिपायला चॅनेलवाले आले होते. तास संपला, वर्गातच जेवण आलं, आणि परदेशी मुलीला काड्या जमत नाहीत असं दाखवायचं शिबुकावांना सुचलं.

दारात मुख्याध्यापक उभे होते. शाळेचा पट घटत चालला होता. पुढच्या वर्षी शाळा बंद व्हायची भीती होती. टीव्हीवर झळकलो तर चार मुलं वाढतील, एवढीच त्यांची आशा. त्यांनी बाईंना खुणावलं.

बाई लोरेनपाशी वाकल्या. “एकदाच कर गं,” त्या हळूच म्हणाल्या.

लोरेनने काड्या मुठीत धरल्या. बटाटा पडला. कॅमेऱ्यामागे कुणीतरी हसलं.

शेजारच्या चिनात्सूने ते ऐकलं. तिनेही काड्या मुठीत धरल्या. तिचाही बटाटा पडला. मग मागच्या बाकावर एक पडला. खिडकीशी दोन. बघता बघता सगळा वर्ग बटाटे पाडू लागला. हसत मात्र कुणीच नव्हतं.

“अरे, तुम्ही जपानी ना?” शिबुकावा वैतागले.

“हो,” चिनात्सू म्हणाली. “पण आज जमत नाहीये.”

“बाई, तुम्ही तरी सांगा यांना. निदान तुम्ही नीट खाऊन दाखवा.”

कॅमेरा बाईंकडे वळला. दारातून मुख्याध्यापक हात जोडत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग लोरेनकडे. आपल्या जागेवर जाऊन बसल्या. काड्या उचलल्या आणि मुठीत धरल्या.

“मलाही जमत नाही, साहेब,” त्या म्हणाल्या. “करा चित्रण.”