ओल्या पोत्याखालचा पारा

मुखरूने मडक्यातलं पाणी ओतून पोतं चिंब भिजवलं आणि खांबावरच्या पारा मोजणाऱ्या यंत्राभोवती सुतळीने करकचून आवळलं. धानोऱ्याच्या जंगलातल्या त्या बांबू डेपोत मे महिन्याचं ऊन माणसाला भाजून काढत होतं, आणि हा गडी यंत्राला गारवा देत होता! म्हणे, आता बघू फोन कसा येत नाही ते.

होळीपर्यंत डेपोचा पारा तोच सांगायचा. ऊन किती, वारा कसा, कुठे धूर तर नाही. रोज संध्याकाळी टेकडीवर रेंज धरून चंद्रपूरच्या हापिसात रंजीताबाईंना फोन लावायचा. पारा सांगायला अर्धं मिनिट पुरे. पण त्यांच्या पोरीचा पेपर कसा गेला, मुखरूने भाजी कसली रांधली, यात दहा मिनिटं सहज जायची. बाईंना त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. पण दिवसभरात माणसाचा आवाज म्हणून काय तो तेवढाच. मग कंपनीने ठरवलं, यापुढे सगळा कारभार आकड्यांवर चालणार आणि आकडे यंत्र पाठवणार. डेपोडेपोवर खांब उभे राहिले. मुखरूला राखणीला ठेवलं, रोजचा फोन तेवढा बंद केला.

पोत्याखाली वीस-बावीस अंश दिसले की बाई घाबरून विचारतील, 'भाऊ, तुमच्या मशीनले का झालं?' एवढाच त्याचा डाव. पोतं सुकू लागलं की तो पुन्हा भिजवायचा. एक दिवस गेला. दोन गेले. तिसऱ्या दिवशी तो फोन मांडीवर घेऊन टेकडीवरच बसून राहिला. मेला वाजेल तर शपथ! चौथ्या दिवशी त्यानेच लावला.

"मुखरूभाऊ! काऊन फोन केला? आग तं नाई लागली?"

"नाई बाई. माहा पारा किती दाखवून राह्यला तिथी?"

"चव्वेचाळीस. एकदम बराबर."

"चव्वेचाळीस? अवो, मी चार दिवसापासून ओलं पोतं बांधून ठेवलो त्याले!"

बाई हसल्या. किती दिवसांनी ऐकलं ते हसू! मुखरूचं काळीज सुपाएवढं झालं.

"त्यानं काई होत नाई, भाऊ. उलटासुलटा आकडा आला का कम्प्युटर त्याले फेकून देते अन् बाजूच्या डेपोवरून बराबर आकडा भरते. इथी कोनाले समजत बी नाई."

मागून कुणीतरी त्यांना मीटिंगला हाक मारली. मुखरूने घाईघाईने विचारलं, "बाई, मंग मी कसा हावो, ते नाई दाखवत का?"

बाईंनी सवयीने पडद्यावर पाहिलं असावं.

"दाखवते नं. लाल नाई, हिरव्यात हाय तुमी, भाऊ."