पोस्टरवरची बाई

शिवानीचं लग्न झालं ते पंच्याण्णव साल. मांडव निघून चार दिवस झाले नाहीत तोच पुण्याचा एक माणूस उत्तरेश्वर पेंटरचं घर विचारत माजलगावात आला. लेक सासरी गेलेली, घरात उत्तरेश्वर एकटाच. दोन कप चहा टाकायला मिळाला म्हणून त्याला बरं वाटलं.

पाहुणा जुन्या, छोट्या सिनेमांच्या पोस्टरांचं पुस्तक करत होता. उत्तरेश्वरनं पेटीतलं कापड काढून खाटेवर पसरलं. मांजरपाटावर रंगवलेली बाई. डोक्यावर पदर, हनुवटीवर गोंदण. पाहुणा बराच वेळ बघत राहिला.

"सिनेमा काढणारा वारला, मागं कुणी नाही. छापायचा हक्क कुणाचा, यावर वकील महिनाभर घोळ घालत होते. शेवटी म्हणाले, रंगवणाऱ्याची ना-हरकत आणा. कापड तुमच्याकडंच राहील. चित्राखाली तुमचं नाव छापू."

नाव. टुरिंग टॉकीजच्या मालकानं तीस वर्षांत ते एकदाही टाकू दिलं नव्हतं. म्हणायचा, "तुझं नाव वाचून तिकीट कोण काढतंय बे?" उत्तरेश्वरनं पेन हातात घेतलं.

"आणि ही नटी कोण?"

"नटी न्हाई. नटीचा फोटो टपालानं यायचा होता, आला न्हाई. दोन दिसांत खेळ लागणार. मग आमच्या मंडळीला चुलीम्होरं बसवलं."

पाहुणा हसला. "मग त्यांचीही सही घेऊ. त्यांची हरकत नव्हती ना?"

"लई होती. बाजारात पोरं मागं लागली, सिनेमाची बाई आली म्हणून. आठ दिस बोलली न्हाई माझ्याशी. फुडं कुणाला फोटो काढू दिला न्हाई. लेकीच्या बारशात बी न्हाई."

"बरं, राहू द्या. नटीचंच नाव टाकू. कोण ओळखतंय आता?"

पेन कागदाला टेकलं होतं. उत्तरेश्वरनं ते उचलून टोपण लावलं.

"तुमी चहा घ्या," तो म्हणाला.

पाहुणा दुपारच्या गाडीनं गेला. उत्तरेश्वरनं तोंडावर मोड पडणार नाही अशी कापडाची घडी घातली. शिवानीच्या कन्यादानाला त्याच्या शेजारच्या पाटावर मांडलेली सुपारी पेटीत होती. तिच्यावर ती घडी ठेवली.

मंजुळाबाई, उत्तरेश्वरची बायको, एकोणनव्वद साली पोळ्याच्या आदल्या दिवशी वारली.