स्वतःच्या पायांवर
प्राध्यापक रालित्सा सोफिया शहरातल्या विद्यापीठात स्वयंसेवी संस्थांचा विषय शिकवायच्या. त्यांचं गाजलेलं पुस्तक झ्लातामावशींच्या अन्नछत्रावर होतं. साम्यवादी राजवट कोसळल्यावर मावशींनी ते डॅन्यूब नदीकाठच्या गावात एकट्या म्हाताऱ्यांसाठी काढलेलं. यंदा रालित्सांनी मावशींनाच वर्गात बोलावलं. “मावशी, संस्था स्वतःच्या पायांवर कशी उभी राहिली, सांगा ना!” “कसली उभी राहतेय, बाई! तुझं पुस्तक वाचून परदेशातले देणगीदार म्हणाले, आता तुम्हाला आमची गरज नाही. गेले निघून. चूल थंड पडली. म्हातारे अजून दुपारी डबे घेऊन दाराशी येतात.” “मला कळवायचं नाही?” “फोन केला होता की. तू सत्काराला गेली होतीस.” मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?” रालित्सांनी मावशींची नजर चुकवली. “पुस्तकात आहे तेच लिहा,” म्हणत त्या फळ्याकडे वळल्या.