निळी कुपी

"चेटकीण मेली. तिच्या झोळीत छोटी निळी कुपी आहे," खेळ चालवणारा कौस्तुभ म्हणाला आणि गालात हसला. त्या हसण्यानंच घात केला.

दिवाळीपासून खेळात जपलेली माझी वीरांगना विषारी बाण लागून पडली होती. "पाजा की मला," मी म्हटलं.

"थांब, हा हसतोय. विष असेल," इरा म्हणाली. तिनं आधी त्यातलं थोडं चेटकिणीच्या पिंजऱ्यातल्या आजारी उंदराला पाजलं. उंदीर टुणटुणीत झाला.

"सोंग करतोय उंदीर," शार्दूल म्हणाला. त्यानं आपल्या लंगड्या घोड्याला पाजलं. घोडा चौखूर उधळला.

"अरे, औषधच आहे!" इरानं शार्दूलला टाळी दिली. "पाज हिला!"

"कुपी रिकामी झाली," कौस्तुभ म्हणाला.

मी माझ्या वीरांगनेची सोंगटी पटावर आडवी केली. "पण खात्री पटली ना?"