बोटभर खिडकी

"खिडकी जराशी उघड, चारू. बुखारीला हवा मिळत नाहीये, म्हणून धूर उलटा खोलीत येतोय," बाबा खोकत म्हणाले. निवृत्तीनंतर मनालीच्या वरच्या गावात लाकडं जाळायच्या या लोखंडी शेगडीवर काढलेला त्यांचा हा बारावा हिवाळा.

"मुळीच नाही. तुमच्या खोकल्यासाठीच पुण्याहून रबरी पट्ट्या आणून मी सगळ्या फटी बुजवल्यात," चारुता म्हणाली. "धुराड्याच्या टोपीवर बर्फ साचला असणार. मी वाचलंय."

"मग झालंच! पुस्तकात सगळं असतं गं, फक्त धूर नसतो." तरी लेकीच्या हट्टापायी कानटोपी चढवून ते शिडीकडे गेले. थोड्याच वेळात छपरावरून काहीतरी घसरल्याचा आवाज आला. बर्फ पडला असेल, असं तिला वाटलं.

छपरावरून पडून बाबा गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी गाव समाचाराला आलं. खोलीत पुन्हा धूर कोंडला. शेजारच्या पद्माचाचीने कुणालाही न विचारता पट्टी ओढून काढली आणि खिडकी बोटभर उघडली. लाकडं धडधडून पेटली, धूर सरळ वर गेला. धुराड्याला कुणी हातही लावला नव्हता.

"साहेब इतके जाणकार," चाची हळहळली, "ते छपरावर कशाला चढले?"

बापाशी वाद घालताना चारुताने आजवर एकदाही माघार घेतली नव्हती.

"मीच पाठवलं," ती म्हणाली. मग भरल्या खोलीत, मोठ्याने: "तुमचंच बरोबर होतं, बाबा."